पावणेपाच मिलिमीटरचा भरवसा

रंग, क्रोम, सीट कव्हर यांवर रात्र रात्र चर्चा होते. पण जुनी गाडी घाटात थांबणार की नाही, हे ठरवणारी नळी गाडीच्या पोटाखाली असते. ती कशाची असावी?

जुनी गाडी रिस्टोअर करतोय, एवढं नुसतं बोलून बघा. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चार जण लगेच खुर्च्या ओढून बसतात. पहिला प्रश्न, 'कलर कुठला?' दुसरा, 'सीट लेदरच्या करणार ना?' तिसरा, 'एसी बसतो का रे त्यात?' आणि चौथा, जरा दबक्या आवाजात, 'टोटल किती गेले?' ब्रेकचे पाइप कशाचे टाकणार, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. जे दिसत नाही, ज्याचा फोटो काढून मित्रांना पाठवता येत नाही, त्यावर कोण कशाला बोलेल? पण या पाइपांनी माझे सलग तीन वीकेंड खाल्ले, आणि ते सत्कारणी लागले असं माझं ठाम मत आहे.

गाडी आमच्या मोठ्या काकांची. १९६६ ची फियाट ११०० डिलाइट. 'पद्मिनी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती साधारण हीच बॉडी, नाव तेवढं तेव्हा वेगळं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पन्नासच्या दशकात फियाट ११०० तयार व्हायला लागली. त्या सुरुवातीच्या गोलमटोल मॉडेलला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असं प्रेमाचं नाव ठेवलं. १९६४ मध्ये डिलाइट आली. पुढे फियाटशी असलेला करार संपल्यावर ती आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. कंपनी वालचंद हिराचंदांची. आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना ज्यांनी उभा केला, आणि जिथल्या गोळ्या चघळत आपण शाळेत गेलो, तेच हे वालचंद शेठ. म्हणजे या गाडीशी नाशिककरांचं थोडं तरी नातं आहेच!

काकांनी ती वीस-बावीस वर्षं दादरला चालवली, रिटायर झाल्यावर गंगापूर रोडच्या बंगल्यात आणून लावली आणि मग ती तशीच राहिली. आता माझ्याकडे आहे. काकांची एकच अट होती. 'शोपीस करणार असशील तर देणार नाही. मला आणि तुझ्या आईला तिच्यातून वणीला घेऊन जायचं.' वणीला म्हणजे सप्तशृंगी गडावर. नांदुरीपासून वर गडापर्यंतचा घाट ज्यांनी चालवलाय त्यांना कळेल की ही अट दिसते तेवढी साधी नाही. चढणं इंजिनाचं काम. उतरणं मात्र पूर्णपणे ब्रेकच्या जिवावर.

एकच लाइन, एकच चान्स

आजच्या कुठल्याही गाडीत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात. मास्टर सिलिंडर आतून दोन भागांत विभागलेला. एक लाइन फुटली तरी दुसरीवर दोन चाकं धरतात, पॅडल खोल जातं, पोटात गोळा येतो, पण गाडी थांबते. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस ही व्यवस्था सक्तीची झाली. आमची गाडी त्याच्या आधीच्या विचारांची. मास्टर सिलिंडर एक, सर्किट एक, चारही चाकांना ड्रम. पुढच्या, मागच्या कुठल्याही चाकाकडे जाणाऱ्या पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मग हँडब्रेक, गिअर आणि देवीचं नाव.

आता त्या पाइपावर जोर किती येतो, याचा अंदाज घेऊ. हिशेब दहावीच्या सायन्सचा आहे, घाबरू नका. घाबरून ब्रेक दाबताना पायाचा जोर समजा ५० किलो. पॅडल ही तरफ आहे, ती हा जोर पाचपट करते. झाले २५० किलो. हा सगळा भार पाऊण इंच व्यासाच्या एका छोट्या पिस्टनवर पडतो, त्याचं क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरहूनही कमी. म्हणजे दाब जवळपास ९० बार. तुमच्या कारच्या टायरमध्ये हवा असते साधारण २ बार. आणि हा दाब झेलणाऱ्या नळीची बाहेरची जाडी ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच. भिंत पाऊण मिलिमीटरच्याही जरा आतच. डोसा-डब्याच्या रबरबँडपेक्षा जाड नाही.

आमच्या गाडीखाली शिरून टॉर्च मारला तेव्हा पुढचे पाइप ठीक होते. मागच्या ॲक्सलकडे जाणारी लांब लाइन मात्र जिथे क्लिपखाली दबली होती तिथे फुगल्यासारखी दिसत होती. नखाने खरवडलं तर तपकिरी पापुद्रा निघाला. दादरची खारी हवा, वर इतक्या वर्षांचा पावसाळी चिखल. क्लिपखाली चिखल अडकतो, ओल टिकते आणि गंज आरामात बसून जेवतो. बरं, गंज फक्त बाहेरून येतो असंही नाही. ब्रेक ऑइल (याला ऑइल म्हणतात खरं, पण ते तेल नव्हे) हवेतलं पाणी शोषून घेतं. तेच पाणी आतून लोखंड खातं. म्हणजे बाहेरून चकचकीत दिसणारा पाइपसुद्धा आतून पोखरलेला असू शकतो.

त्यामुळे एक तुकडा बदलून भागणार नव्हतं. सगळी लाइन नवी टाकायची, हे ठरलं. कशाची टाकायची, इथे गाडी अडली.

तांब्याचा मोह

आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा द्वारका परिसर 'मामा' म्हणतो, त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

'भाऊ, तांब्याचा टाकून देऊ. गंजायचं टेन्शनच खतम.'

'मामा, ब्रेकला चालतं का पण तांबं?'

'चालतं म्हणजे? फ्रिजवाल्याकडून आणतो, हाताने वाकतो, अर्ध्या दिवसात गाडी रेडी.'

मामांचा हात देवाचा आहे, त्यांनी या गाडीचं कार्बोरेटर ज्या प्रेमाने बसवलं ते बघून मी गप्प झालो होतो. पण इथे मात्र मी अडून बसलो. तांबं गंजत नाही हे शंभर टक्के खरं. त्याचा प्रॉब्लेम वेगळा आहे, आणि तो समजून घ्यायचा असेल तर जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये जाऊन दहा मिनिटं उभं राहा. तांबट कारागीर भांडं ठोकता ठोकता मध्येच थांबतो आणि ते भट्टीत घालतो. का? कारण ठोकून ठोकून तांबं कडक होतं. तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. तापवलं की पुन्हा मऊ होतं. आता हेच तांबं गाडीखाली कल्पून बघा. इंजिनाची थरथर, रस्त्यावरचे खड्डे (आणि नाशिकच्या खड्ड्यांबद्दल मी आणखी काय सांगणार!), ब्रेक दाबला-सोडला की येणारा दाब. पाइप रोज थोडा थोडा ठोकला जातोय. तो हळूहळू कडक होत जातो, आणि त्याला मध्येच भट्टीत घालणारा तांबट गाडीखाली नसतो. एक दिवस युनियनच्या नटाजवळ बारीक तडा जातो. गंजासारखी आधी खूण दाखवत नाही, हाच तांब्याचा खोटेपणा.

फ्रिज-एसीच्या दुकानातल्या तांब्याच्या नळीबद्दल आणखी एक गोष्ट. घरच्या नव्या एसीच्या पाइपात भर उन्हाळ्यातसुद्धा दाब ३० बारच्या आसपास असतो. ब्रेकमध्ये त्याच्या तिप्पट, आणि तोही झटक्याने. ती नळी त्या कामासाठी बनलेलीच नाही. इंग्लंडमध्ये ब्रेकसाठी म्हणून तयार केलेले तांब्याचे पाइप मिळतात, लोक वापरतातही, हे मला माहीत आहे. पण ते आणि आपल्या कोपऱ्यावरची गुंडाळी, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

मामा हसले. म्हणाले, 'तुमची गाडी, तुमचं डोकं. पण मग टाकायचं काय?'

बंडी, पण अंगात घालायची नव्हे

सगळ्यात सरळ उत्तर होतं कंपनीने जे टाकलं होतं तेच. स्टीलचा पाइप. ऑटो पार्ट्सच्या दुकानात याला 'बंडी पाइप' म्हणतात. हे नाव आलं डेट्रॉइटच्या बंडी ट्युबिंग कंपनीवरून. या पाइपाची गंमत अशी की तो सुरळीच्या वडीसारखा बनतो. तांब्याचा मुलामा दिलेली स्टीलची पातळ पट्टी दोन वेढे देऊन गुंडाळायची आणि भट्टीत तापवायची. तांबं वितळतं, दोन्ही थर एकमेकांना झाळले जातात. म्हणजे एका भिंतीऐवजी दोन. मजबुतीला तोड नाही, थरथर आरामात सोसतो, फ्लेअर छान होतो आणि स्वस्तही. गेल्या शतकात जगातल्या बहुतेक गाड्या याच पाइपावर थांबल्या. आमची गाडीही पन्नासहून जास्त वर्षं त्याच्याच जिवावर थांबत होती, हे विसरून चालणार नाही.

त्याचा शत्रू एकच, गंज. आणि तो शत्रू नव्या गाड्यांनाही सोडत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या पिकअप आणि एसयूव्हींचे ब्रेक पाइप गंजून गळतात अशा भरपूर तक्रारी आल्या, सरकारी चौकशी झाली. २०१५ मध्ये ती बंद झाली. रिकॉल काही निघाला नाही, पण गाडी खालून धूत जा आणि पाइप तपासत जा, असा सल्ला मिळाला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे मीठ नाही, चार महिने चिखल आहे.

मी दुकानात पाहिलेले काही तयार पाइप चक्क उघड्या स्टीलचे होते, वर झिंकचा नावापुरता थर. असा पाइप टाकायचाच असेल तर जाड झिंक किंवा प्लॅस्टिकचं कोटिंग असलेला घ्यावा. तुमचं बजेट टाइट असेल, गाडी वर्षातून पाच-सहा वेळा बाहेर निघत असेल आणि दर पावसाळ्यानंतर तुम्ही खरोखर गाडीखाली शिरून बघणार असाल (खरोखर, हं!), तर बंडी टाका आणि निवांत झोपा. मी तरी त्याला नावं ठेवणार नाही.

एमआयडीसीचा लाडका, स्टेनलेस

नाशकात राहून इंजिनिअर मित्र नाहीत असं होऊच शकत नाही. सातपूर-अंबडमध्ये काम करणारे माझे तीन मित्र. तिघांचंही एकमत, 'स्टेनलेस टाक रे! हायड्रॉलिकच्या दुकानातून ३०४ ची ट्यूब आणून देतो, तुझ्या नातवापर्यंत जाईल.' ऐकायला भन्नाट. दिसायलाही भन्नाट, शो कारखाली चमकणारी स्टेनलेसची लाइन बघितली की कुणाचीही विकेट पडते.

अडचण टोकाशी आहे. ब्रेकचा पाइप नुसता असून चालत नाही, त्याचं टोक भोंग्यासारखं पसरवावं लागतं. त्याला फ्लेअर म्हणतात. नट आवळला की हा फ्लेअर बसण्याच्या जागी दाबला जातो आणि धातूवर धातू घट्ट बसून गळती थांबते. ना रबरी वॉशर, ना टेफ्लॉनची टेप. (टेप लावणारा मिस्त्री दिसला तर गाडी उचला आणि घरी या.) ही जागा बसायला पाइप थोडा मऊ हवा. स्टेनलेस कडक. त्यात तोही तांब्यासारखाच, किंबहुना जास्त हट्टाने, वाकवताना आणखी कडक होत जातो. साध्या टूलने डबल फ्लेअर करायला गेलात तर घडीवर तडा जातो. फ्लेअर झालाच तर तो बसायला जास्त आवळावा लागतो, आणि जास्त आवळलं की समोरची पितळी युनियन खराब होते. त्यासाठी खास मऊ केलेली ट्यूब आणि तगडं टूल लागतं. दुकानातली कुठलीही ३०४ नव्हे. हायड्रॉलिकवाल्यांचे ते फेरूलचे कॉम्प्रेशन फिटिंग मशिनवर कितीही उत्तम असोत, गाडीच्या ब्रेकवर त्यांना जागा नाही.

ज्यांना हे सगळं जमतं त्यांनी जरूर टाकावं. मला मित्रांचा उत्साह पटला, टोकं पटली नाहीत. आणि ॲल्युमिनियमचं नावही काढू नका, तो विषयच बंद.

पाच रुपयांच्या नाण्याचा चुलतभाऊ

मग राहिलं ते क्युप्रोनिकेल. नाव अवघड, पण धातू तुमच्या खिशात वर्षानुवर्षं होता. ते जुनं जाड ५ रुपयांचं नाणं आठवतंय? १९९२ मध्ये आलेलं, हातात घेतलं की वजन जाणवायचं? ते क्युप्रोनिकेल. त्यात तीन भाग तांबं, एक भाग निकेल. (आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी नाही. पण नाण्यांची आवड असेल तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचा फेरफटका नक्की मारा.) ते नाणं किती पावसाळे, किती घामट खिसे बघून आलं, पण गंजलं का कधी?

ब्रेक पाइपात निकेलचं प्रमाण कमी, साधारण १० टक्के. सोबत टक्का-दीड टक्का लोखंड, थोडं मँगनीज, बाकी तांबं. इंग्लंडमध्ये हा 'कुनिफर' या नावाने विकला जायचा. कु म्हणजे क्युप्रम, नि म्हणजे निकेल, फर म्हणजे फेरम. याच जातीचा धातू जहाजांवर समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांसाठी वापरतात. जिथे समुद्राच्या पाण्याने काही होत नाही तिथे नाशिकच्या चिखलाने काय होणार? स्वीडनच्या व्होल्वोने १९७६ मध्ये आपल्या गाड्यांसाठी तो घेतला. तिकडच्या हिवाळी मिठाने स्टीलचे पाइप खाल्ले जात होते, म्हणून. नंतर पोर्शे, ऑडी यांच्याही गाड्यांत तो दिसायला लागला.

त्यातली थोडीशी निकेल जादू करते. तांब्याइतका नाही पण जवळपास तेवढाच हाताने वाकतो, फ्लेअर लोण्यासारखा होतो, आणि ताकद मात्र स्टीलच्या बरोबरीची. थरथरीने थकायच्या बाबतीतही तो साध्या तांब्याच्या कितीतरी पुढे. आतून-बाहेरून गंज नाही. दोष? एकच. किंमत. मला तो बंडीच्या जवळपास चौपट पडला.

आणखी एक अडचण होती, ओळखीची. बाजारात तांब्यासारखा दिसणारा पाइप तीन प्रकारचा असू शकतो. तांब्याचा मुलामा असलेलं स्टील, शुद्ध तांबं, किंवा क्युप्रोनिकेल. लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटला की स्टील. पण तांबं आणि क्युप्रोनिकेल यांना तो चिकटत नाही, तिथे बाकी खुणा बघायच्या. क्युप्रोनिकेलचा रंग तांब्याहून फिका, गुलाबी-चंदेरी झाक असलेला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाकिटावर किंवा पाइपावर ब्रेक ट्युबिंगचं मानक छापलेलं हवं. एसएई जे १०४७ किंवा आयएसओ ४०३८. 'साहेब, तेच आहे हो, छापलेलं नाही एवढंच,' असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हा.

माझी गुंडाळी आली बर्मिंगहॅमहून, मामेभावाच्या बॅगेतून. २५ फुटांची, वजन पाऊण किलोसुद्धा नाही. आई म्हणाली, 'लोकांची पोरं परदेशातून चॉकलेट मागवतात.'

ओझरचे काका आणि ४५ अंश

आता खरी गंमत. इतका रिसर्च करून आणलेला पाइप टोकाशी बिघडला तर सगळं मुसळ केरात. मटेरियल निवडणं ही अर्धीच लढाई, किंबहुना अर्ध्याहून कमी. चांगला फ्लेअर केलेला बंडी हा वाईट फ्लेअर केलेल्या क्युप्रोनिकेलपेक्षा दहा वेळा बरा.

आमच्या सोसायटीत ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले एक काका राहतात. नाशकात प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. आयुष्य विमानांच्या नळ्यांमध्ये गेलेलं. मी त्यांना टूल दाखवलं तर चष्मा वर करून पहिला प्रश्न, 'किती अंशाचा?' विमानांच्या दुनियेत फ्लेअर ३७ अंशांचा, मोटारींच्या डबल फ्लेअरचा ४५. दिसायला फरक नाही, पण ३७ चं टोक ४५ च्या जागेत आवळलं तर एकाच बारीक कडेवर टेकतं आणि गळतं. शिवाय काही गाड्यांना मशरूमसारखा बबल फ्लेअर लागतो, तो तिसराच. म्हणून गाडीची जुनी टोकं फेकू नका. काकांनी आधी आमची सगळी जुनी टोकं कापून वहीच्या पानावर ओळीने मांडली, कुठलं कुठून निघालं ते खाली लिहिलं आणि मग टूलला हात लावला.

आट्यांचंही तेच. नट जुन्यावरूनच जुळवा. नाशकात जुन्या जीप पुष्कळ, त्यांना या पाइपावर ३/८ इंची नट लागतो, २४ आट्यांचा. मेट्रिक १० मिलिमीटरचा नट त्याच्या शेजारी ठेवला तर जुळे भाऊ वाटतात. चुकीचा नट दोन फेरे जातोही, आणि मग युनियनच्या आट्या खाऊन टाकतो.

काकांच्या दोन दुपारच्या शिकवणीतून माझ्या वहीत उतरलेलं थोडंसं. पाइप हॅकसॉने कापायचा नाही, छोटा ट्यूब कटर मिळतो तो हळूहळू फिरवायचा. आतली बर साफ करायची. फ्लेअर करण्याआधी नट पाइपात सरकवायचा, तोंड बरोबर दिशेला करून. (काका म्हणाले, हे शिकायला प्रत्येकाचे किमान दोन फ्लेअर फुकट जातात. म्हणून तुकडे राखून प्रॅक्टिस करायची.) टूल वंगण म्हणून एक थेंब ब्रेक ऑइलच घालायचं. पहिल्या दाबाला टोक फुगतं, दुसऱ्याला आत घडी पडते. भिंगातून बघायचं. कड वाकडी, एका बाजूला पातळ किंवा बारीक रेघ दिसली की कापून टाकायचं, मन मोठं करायचं.

पाइप आत धुवायला पेट्रोल, रॉकेल, डिझेल काहीही नको. त्याचा अंश राहिला तर चाकांच्या सिलिंडरमधली रबरं फुगून बसतात. ब्रेक क्लीनर नाही तर ताजं ब्रेक ऑइलच. आणि गाडीखाली पाइप जिथे जिथे जाईल तिथे क्लिपखाली रबर. सायलेन्सरपासून लांब, सस्पेन्शन खाली-वर होतं तिथे कुठे घासत नाही ना हे बघून. जुना पाइप ज्या वाटेने गेला होता तीच वाट बरोबर. कुर्ल्याच्या इंजिनिअरांनी ती विचार करून काढली होती, शॉर्टकट मारायचा नाही.

मामा सुरुवातीला लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक तुकडा उचलला, गुडघ्यावर वाकवला, परत सरळ केला, पुन्हा वाकवला. म्हणाले, 'माल चांगला आहे भाऊ.' बाकीची सगळी लाइन मग त्यांनीच वाकवली, इतकी सफाईने की काका गाडीखालून बाहेर येऊन त्यांना म्हणाले, 'मिस्त्री, तुम्ही ओझरला यायला हवं होतं.'

मग ओरिजिनल राहिलं का?

हा प्रश्न क्लासिक कारवाले हमखास विचारतात. काही प्युरिस्ट मंडळींना गुलाबी पाइप बघून झटका येतो. त्यांच्या भावना मी समजू शकतो, पण तो ओरिजिनल गंज मला घाटात नको. ज्यांना स्पर्धेत गाडी उभी करायची आहे त्यांनी स्टीलच वापरावं, नवं.

कायद्याच्या बाजूने तरी अडचण नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळू शकतो, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत. ब्रेकचा पाइप त्यात येत नाही. फक्त हे लक्षात घ्या की व्हीए नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. काकांना वणीला न्यायचं असेल तर ती नोंदणी करून उपयोग नाही. म्हणून आम्ही नेहमीच्याच नोंदणीच्या नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहिलो. तिथे तर ब्रेक तपासूनच घेतात.

घाटाआधीचा पेपर

लाइन बसली की लगेच गाडी काढायची नाही. हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून. मग इंजिन बंद ठेवून पॅडल जीव खाऊन दाबायचं आणि मिनिटभर तसंच धरायचं. पाय हळूहळू खाली जातोय असं वाटलं तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक युनियनला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा लावून बघायचा, ओल बोटाला कळत नाही पण कागदाला कळते. आमच्याकडे सोळा जागा तपासल्या, एक ओली निघाली. काकांनी ती खोलली, भिंग लावलं, शांतपणे कापून नवा फ्लेअर केला.

रबरी होजही त्याच वेळी बदलून टाका. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजतो. मग दाबलेला ब्रेक सुटतच नाही, चाक धरून ठेवतं, ड्रम तापतो. नव्या होजवर उत्पादनाची तारीख छापलेली असते, दुकानात ती वाचा. पाच वर्षं शेल्फवर पडलेला होज नवा नसतो.

आणि ब्रेक ऑइल. डॉट ४ चा नवा, सीलबंद डबा. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषून जुनं झालं की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ड्रम तापले, आत ऑइल उकळलं, वाफ झाली की ती दाबली जाते आणि पॅडल स्पंजासारखं आत जातं. तिथे पाइप सोन्याचा असला तरी उपयोग नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदल, आणि घाटात उतरताना खालचा गिअर. सिलिकोनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आधी सोसायटीच्या आवारात, मग सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी २०, ४०, ६० वरून ब्रेक. दर वेळी खाली उतरून पुन्हा कागद. एक हजार किलोमीटरनंतर सगळे नट एकदा तपासले, एकही ढिला नव्हता.

नवरात्रानंतर, गर्दी ओसरल्यावर, आम्ही गडावर जाऊन आलो. आई मागे, काका पुढे, स्टिअरिंगच्या गिअरवर माझा हात आणि काकांची प्रत्येक वळणाला सूचना. उतरताना नांदुरीच्या अलीकडे एक बस अचानक समोर आली आणि मी ब्रेक दाबला. गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. काका काहीच बोलले नाहीत. नांदुरीला चहाला थांबलो तेव्हा मात्र ते उतरून वाकले, मागच्या चाकामागे हात घालून त्या गुलाबी पाइपावरून बोट फिरवलं आणि कोरडं बोट मला दाखवलं.